उभे राहणे आणि उभे करणे



आषाढी जवळ आली की या अंकात पालखी, रिंगण, चंद्रभागा यांवर लेख येतात, आणि ते यावेतच. मी मात्र या खेपेला घोड्यावर लिहिणार आहे. तेही धावणाऱ्या घोड्यावर थोडे आणि एका जागी उभ्या राहणाऱ्या घोड्यावर जास्त. माणूस पाठीवर चढत असताना घोड्याने हलू नये, हे त्याला कसे शिकवतात, एवढाच विषय. कीर्तनकाराला याचे काय पडले आहे, असे आपण म्हणाल. पडले आहे ते असे.

माझ्या ओळखीचे एक तरुण महाराज आहेत. त्यांच्याकडे पंधरा-वीस मुले शिकायला राहतात. हरिपाठ, पखवाज, गीतेचे पाठांतर, असा नेहमीचा क्रम. चैत्रात ते कळंबोलीला माझ्याकडे आले होते. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले, मग हळूच म्हणाले, "महाराज, मुले हरिपाठाला स्थिर उभी राहत नाहीत. एक पाणी प्यायला जातो, त्याच्या मागे चार जातात. एकाचा टाळ थांबला की दुसरा त्याला कोपर मारतो. पालक म्हणतात, छडी ठेवा. आमच्या गुरुजींनीही ठेवलीच होती. आपले काय मत?"

मी लगेच उत्तर दिले नाही. सत्तरीनंतर ही एक सोय असते; उशिरा बोलले तर लोक त्याला विचार समजतात. पण पुढच्या महिना-दीड महिन्यात घोडा उभा राहण्याचे दोन प्रकार माझ्या पाहण्यात आले, आणि महाराजांचा प्रश्न त्यांच्याशी जाऊन जुळला.

पहिला प्रकार आमच्या दारातलाच. कळंबोली म्हणजे लोखंडाचे गाव. लोह-पोलाद बाजार इथे, पुण्याला जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचे तोंड इथे, रात्रंदिवस ट्रेलर चालू. अशा ठिकाणी वैशाखात एक वरात निघायची होती. घोडी टेंपोतून आली. वरातीमागून घोडे ही म्हण आपण वापरतो, पण ही बिचारी वरातीच्या आधी तासभर येऊन भिंतीशी उभी होती. मग बँड आला, त्याच्या मागे मोठे भोंगे लावलेली गाडी आली, फटाके आले. नवरदेव आले. उतावीळ होते, वयच तसे. त्यांनी रिकिबीत पाय घातला आणि घोडी बाजूला सरकली. नवरदेव एका पायावर नाचत तिच्याबरोबर अर्धे वर्तुळ फिरले. लोक हसले. दुसऱ्या वेळी घोडी मागे गेली. तिसऱ्या वेळी दोघांनी लगाम दोन्ही बाजूंनी ओढून धरला, एकाने तिचा कान मुठीत धरून पिळला, आणि नवरदेवाला खालून ढकलून वर चढवले. टाळ्या वाजल्या. घोडी उभी होती. गॅलरीतून मला तिची नाकपुडी फुगलेली दिसत होती. माशी बसल्यावर थरथरते तशी अंगावरची कातडी थरथरत होती, आणि माशी तर कुठे नव्हती.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बघा, शेवटी राहिलीच की उभी." हे वाक्य माझ्या मनात अडकून बसले.

आता दुसरा प्रकार. नेरळच्या बाजूला सप्ताहात कीर्तनाला जात असे, तेव्हापासून माथेरानच्या एका घोडेवाल्यांशी माझा परिचय आहे. ते डोंगर उतरून कीर्तनाला यायचे. मी त्यांना मामा म्हणतो. नाव छापू नका, हे त्यांचेच सांगणे. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही हे आपल्याला माहीतच आहे. तिथे घोड्यावर दिवसभर अनोळखी माणसे चढतात, आणि त्यांतली बहुतेक जन्मात पहिल्यांदा चढत असतात. घोडा चढवून घेताना हलला तर माणूस पडतो, दगडावर पडतो. म्हणून मामांच्या धंद्यात घोड्याची चाल नंतर बघतात, आधी तो उभा राहतो का हे बघतात. आमच्या वरातीची हकिकत मी त्यांना फोनवर सांगितली तर म्हणाले, "बुवा, तुम्ही एक दिवस वर या. एक नवे जनावर आणलेय. बघायला मिळेल."

गेलो. गुडघे कुरकुरत होते, पण गेलो.

मामांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की घोडा का हलतो ते आधी शोधायचे. आपल्याला वाटते तो खोडकर आहे. मामा म्हणाले, "खोडी शंभरात एखाद्याला असते. बाकीच्यांना कारण असते." मग त्यांनी एकेक कारण हाताने दाखवले. खोगीर पाठीला नीट बसत नसेल तर माणसाचे वजन पडले की दुखते; घोड्याला ते ठाऊक असते, म्हणून वजन पडायच्या आतच तो सरकतो. तंग एकदम करकचून आवळला तरी तेच. चढणाऱ्याच्या बुटाचे टोक बरगडीत रुतते. घोडा त्याला इशारा समजतो आणि चालू लागतो. त्याच्या हिशेबाने त्याने हुकूम पाळलेला असतो. चढणारा खोगिराला लोंबकळून वर जातो तेव्हा घोड्याची पाठ एका बाजूला ओढली जाते. पुन्हा वर जाऊन पोते टाकल्यासारखे धपकन बसतो. चार पाय खाली चौकोनात नसतील, एक पाय पुढे, एक दुमडलेला असेल, तर हे ओढलेले वजन घेताना तोल सावरायला त्याला पाय टाकावाच लागतो. "तुम्ही एका पायावर उभे राहा, मी खांद्याला लटकतो. हलता का नाही ते बघू," असे म्हणून मामा हसले. आणि सगळ्यात मोठे कारण सवयीचे. माणूस बसला रे बसला की टाच मारून निघतो. दहा वेळा असे झाले की अकराव्या वेळी घोडा माणूस बसण्याची वाट बघत नाही. रिकिबीत पाय दिसला की निघाला. त्याला आपणच तसे शिकवलेले असते.

या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे. घोडा हे पळणारे जनावर आहे. शिंगे नाहीत. पळणे हेच त्याचे रक्षण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या सरळ मागे तेवढे दिसत नाही. आणि पाठ ही त्याची अशी जागा की वाघ-बिबट्या उडी घालतो तो तिथेच. म्हणजे माणूस ज्या जागी बसू पाहतो ती त्याच्या हजारो पिढ्यांच्या भयाची जागा आहे. तिथे दोन पायांचा प्राणी चढत असताना त्याने पाय न हलवता उभे राहायचे. वाचक माउली, ही मागणी किती मोठी आहे याचा आपण विचार केला आहे का? मी तोवर केला नव्हता. आपण घोड्यावर बसण्याची गोष्ट करतो, घोड्याने बसू दिले ही गोष्ट कोणी करत नाही.

मग त्यांनी ते नवे जनावर आणले. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. अंगणात एक सपाट मोठा दगड होता, चढायला ओटा म्हणून. जमिनीवरून लोंबकळत चढण्यापेक्षा ओट्यावरून चढले की पाठीला ओढ बसत नाही. मामांनी घोडा दगडाशी आणला. लगाम ढिला. मला वाटले होते घट्ट धरतील. ते म्हणाले, "घट्ट धरला की घोडा मागे जातो, नाहीतर तोंड वर करतो. उभे राहायला सांगायचे आणि तोंड ओढायचे, म्हणजे दोन बोलणी एकदम."

घोडा दोन पावले पुढे गेला. मामा काही बोलले नाहीत. शांतपणे त्याला फिरवून त्याच जागी आणला आणि हात सैल सोडला. घोडा पुन्हा गेला. पुन्हा आणला. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही, पण माझी पाठ दुखायला लागली इतके वेळा झाले. मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि घाईही नव्हती. एकदा घोडा आणल्या जागी क्षणभर थांबला. फार तर आपण एकदा रामकृष्ण हरी म्हणू एवढाच वेळ. त्याबरोबर मामांनी त्याच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, बोटांनी खाजवले आणि त्याला तिथून बाजूला नेऊन मोकळा श्वास घेऊ दिला. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवले की घोड्याच्या हृदयाची गती मंदावते, हे अभ्यासकांनी मोजूनही पाहिले आहे. मामांना कोणी मोजून सांगितलेले नाही. त्यांच्या हाताला ते माहीत आहे.

पुढे तो थोडा जास्त थांबू लागला. मग मामांनी दगडावर उभे राहून नुसता हात खोगिरावर ठेवला. काढला. मग रिकिबीत पाय घातला, काढला. मग पोटावर आडवे होऊन थोडे वजन टाकले, उतरले. घोडा हलला की एक पायरी मागे. त्या दिवशी ते त्याच्यावर बसले नाहीत. मी म्हटले, "अहो मामा, आता उभा आहे, बसा की." तर म्हणाले, "आज त्याला एवढेच कळले की या दगडापाशी आराम आहे. हे त्याच्याबरोबर रात्रभर राहू दे." आणि जेव्हा बसायचे तेव्हाही बसल्यावर लगेच निघायचे नाही. बसून राहायचे, दोन गोष्टी बोलायच्या, कधी नुसते बसून पुन्हा उतरायचे, म्हणजे बसणे आणि पळणे यांची त्याच्या मनातली गाठ सुटते.

आपल्या जुन्या पागांमध्ये घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. नावातच चाबूक. मामांच्या अंगणात मला चाबूक दिसला नाही. विचारले तर म्हणाले, आहे ना, आत खुंटीला आहे. तो तिथेच असतो.

परतताना गाडीत मला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवत होता. अर्जुन तिथे भगवंतांना सांगतो की हे मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरता येत नाही. भगवंत ते नाकारत नाहीत. मन आवरायला कठीण आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य सांगतात. पण माउलींनी त्याच अध्यायात जे सांगितले आहे त्याकडे मी इतकी वर्षे कीर्तनातून बोट दाखवत आलो, आणि ते त्या दिवशी घोड्याच्या अंगणात डोळ्यांनी पाहिले. माउली म्हणतात की मन एवढ्यानेही थांबत नसेल तर त्याला मोकळे सोडून द्यावे. ते जाईल तिथे जाऊ द्यावे. मग नियमच त्याला तिथून परत घेऊन येईल, आणि असे होता होता त्याला स्थैर्याची सवय लागेल. पुढे मनाचा एक चांगला गुणही त्यांनी सांगितला आहे की जिथे गोडी पाहिली तिथे ते पुन्हा पुन्हा जाते. म्हणजे खोड आहे तीच उपयोगाची आहे. बाराव्या अध्यायात तर आणखी सोपे करून दिले आहे. सगळे चित्त एकदम देता येत नसेल तर आठ प्रहरांतला एक निमिषभर काळ देत जा. आता हे तिन्ही मामांच्या अंगणात लावून बघा. सोडणे, परत आणणे, गोडीची जागा दाखवणे, आणि एका निमिषापासून सुरुवात.

कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम म्हटले आहे, बुद्धीला सारथी. हा दृष्टांत आम्ही कीर्तनकारांनी फार वापरला आहे, आणि वापरताना बहुतेकांचा हात आपोआप लगाम ओढल्यासारखा मागे जातो. आवरा, ओढा, दाबा. श्रुतीत चांगल्या सारथ्याचे वर्णन आहे. ओढण्याचा हा अभिनय आमचा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. शेजारच्या गृहस्थांचे ते वाक्य, की शेवटी राहिलीच की उभी. वरातीतली घोडी उभी होती. मामांचा घोडाही उभा होता. नवरदेवाच्या दृष्टीने विचाराल तर फरक काय? त्याला बसायला मिळाले, वरात निघाली. मारून, कान पिळून एका मिनिटात जे होते ते करायला मामा आठवडे घालवतात, हा हट्टच म्हणावा का? हा आक्षेप मी हलका समजत नाही. पोट भरणाऱ्या माणसाला वेळ नसतो, आणि वरातवाल्या मालकाला त्या रात्री आणखी दोन ठिकाणी जायचे असणार.

याला व्यवहाराचे एक उत्तर आहे. धरून उभा केलेला घोडा धरलेला असेपर्यंतच उभा असतो. फटाका कानाशी फुटला आणि हात सुटला की तो जाईल, आणि पाठीवर कोण आहे हे पाहणार नाही. हे उत्तर खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. कारण दुसराही एक घोडा असतो, ज्याला हात सुटला तरी तो जात नाही. त्याला इतके मारलेले असते की हलून काही उपयोग नाही, हे त्याने मनात पक्के केलेले असते. त्याचे डोळे उघडे पण पाहत नसतात. कान ना पुढे ना मागे. खाजवले तरी ओठ सैल होत नाहीत. मामा म्हणाले, असा घोडा विकत घेताना लोक फार खूश होतात, किती गरीब आहे म्हणतात. "मला विचाराल बुवा, तर हलणारे जनावर बरे. ते निदान बोलते तरी."

इथे माझे मत सांगतो. बाहेरून उभे राहणे एकच दिसले तरी त्या तीन गोष्टी आहेत. एक उभा केला आहे. एकाने उभे राहण्याखेरीज सगळे सोडून दिले आहे. आणि एक उभा राहिला आहे. पहिल्या दोघांत काम होते, पण घोडा तिथे नसतो. त्याचे अंग असते. तिसऱ्यात घोडा स्वतः हजर असतो, तो जाऊ शकत असतो आणि जात नाही. आपल्या घरांमध्ये पाहा. किती सुना पन्नास वर्षे दुसऱ्या प्रकारे उभ्या राहिल्या आणि आपण त्यांना सोशिक म्हणून नावाजले. किती मुले बापाच्या पायरवाने गप्प होतात आणि आपण त्याला वळण म्हणतो. जे शांत दिसते त्याला शांती म्हणण्याची आपल्याला घाई असते, कारण शांत दिसण्यावर आपली सोय भागते.

आणि फरक पडतो तो फक्त घोड्याला नाही. कान पिळून चढलेल्या नवरदेवाला घोडा म्हणजे काय हे कधी कळणार नाही. मामांना कळले, कारण त्याला उभा करण्यासाठी त्यांना आधी स्वतः उभे राहावे लागले. त्यांचा हात थरथरला असता, मनात चीड असती, तर घोड्याने ती लगामाच्या दोरीतून वाचली असती.

शिकंदराची एक गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने लिहून ठेवली आहे. त्याच्या बापापुढे एक उमदा घोडा आणला होता आणि तो कोणालाच बसू देईना. पोरवयातल्या शिकंदराच्या ध्यानात आले की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्याने त्याचे तोंड सूर्याकडे केले, सावली मागे पडली, थोपटत थोडा वेळ बरोबर चालला आणि मग अलगद बसला. त्या मुलाने पुढे जगाचे काय केले ते सोडा. त्या दिवशी तेवढ्या लोकांत घोड्याला कशाची भीती वाटते हे फक्त त्याने पाहिले.

पण आपल्याला ग्रीसपर्यंत जायचे कारण नाही. महाभारतातला द्रोणपर्व काढा. युद्धाचा चौदावा दिवस, सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारण्याची प्रतिज्ञा, आणि वाटेत अर्जुनाचे घोडे बाणांनी घायाळ, तहानेने व्याकूळ. घाई असावी तर अशी असावी! त्या घाईत भगवंत रथ थांबवतात. अर्जुन खाली उतरून पायी लढत शत्रूला थोपवतो, बाणाने भूमी भेदून पाणी काढतो, आणि श्रीकृष्ण घोडे सोडतात. त्यांच्या अंगातले बाण स्वतःच्या हाताने उपटतात, अंग चोळतात, पाणी पाजतात, लोळू देतात. चहूबाजूंनी सैन्य, शंख, आरोळ्या. आणि ते चार घोडे उभे राहून अंगातले बाण काढू देतात. बाण काढताना बाण घुसताना होते त्याहून कमी दुखत नसणार. त्यांना कोणी धरले होते? व्यासांनी तिथे लगाम धरणारा दुसरा माणूस ठेवलेला नाही. मी हे आख्यान लावत असे तेव्हा श्रोते अर्जुनाच्या बाणाने निघालेल्या पाण्यावर टाळ्या देत. माझे मन मात्र त्या खरारा करणाऱ्या हातांपाशी जाई.

घाटावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, आमच्या पनवेलच्या बाजूलाही येतात. त्यांची लहान चणीची घोडी, भीमथडीची जात, बिऱ्हाड वाहतात. मुक्काम हलवताना बघा एकदा. बाई घोड्याला न बांधता त्याच्यावर भांडी, वाकळा, कोंबड्यांचा खुराडा, नुकते जन्मलेले कोकरू असे एकावर एक चढवते, वर लहान मूल बसवते. आणि घोडा उभा. ती त्याच्याकडे बघतही नाही. तिने त्याला शिकवले असे ती म्हणणारही नाही. ते एकत्र राहतात, एवढेच.

आता माउलींच्या अश्वाविषयी दोन शब्द लिहितो. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासून बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून श्रीमंत शितोळे सरकारांचे अश्व येतात. अंकलीहून आळंदीपर्यंत ते पायी येतात. दोन अश्व. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्याची पाठ मोकळी. ती माउलींची. रिंगणात हा दुसरा अश्व धावतो तेव्हा काय होते ते मी आपल्याला सांगायला नको. टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे कशी वाकतात ते आपण पाहिले आहे, आपण वाकलाही असाल.

मला मात्र तो धावून झाल्यावरचा अश्व जास्त पाहावासा वाटतो. लाखोंचा समुदाय, हजारो टाळ, पायाला हात लावायला आलेल्या बायाबापड्या, त्यांतली एखादी गळ्यात पडणारी. पळणे हाच ज्याचा धर्म, त्या जनावराच्या चारी बाजूंना माणूस आहे आणि पळायला जागा नाही. तरी तो उभा असतो. सांभाळणारे बाजूला असतात हे खरे, त्यांची माया आणि सराव हे कारण मी नाकारत नाही. दैवी म्हणून त्यांचे श्रम झाकायचे हे मला पसंत नाही. पण विचार करा, इतर घोडे उभे राहायला शिकतात ते कोणी तरी बसणार म्हणून. हा उभा राहतो आणि त्याच्यावर कोणी बसताना दिसत नाही. आपण म्हणतो माउली बसले आहेत. अश्वाला ते कळते का, हे मला विचारू नका. एवढे दिसते की ज्या पाठीवर कोणी स्वामित्व सांगत नाही, त्या पाठीपुढे लोक नमस्कार करतात.

आणि आपला देव तरी काय करतो? पुंडलिकाने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. आईबापांची सेवा चालू होती, त्याने देवाला दोरी लावली नाही. देव केव्हाही जाऊ शकत होता.

तरुण महाराज मागच्या एकादशीला पुन्हा आले. मी त्यांना घोड्याची सगळी हकिकत सांगितली, थोडी लांबलीच. मग म्हटले, "छडी खुंटीला असू द्या, हातात नको. पहिले पंधरा दिवस पूर्ण हरिपाठाला सगळ्यांना उभे करू नका. लहान मुलांना पहिल्या चार अभंगांना उभे करा, आणि ती उभी आहेत तोवर, चुळबुळ सुरू व्हायच्या आधी, तुम्हीच त्यांना सोडा. जाणारा जाऊ द्या, रागावू नका, हात धरून परत आणा. आणि मुख्य म्हणजे का हलतात ते बघा. फरशी गार आहे का, भूक लागलेली असते का, टाळ त्यांच्या हाताला जड आहेत का."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जेवण हरिपाठानंतर असते, महाराज. साडेआठला."

"आणि दुपारचे?"

"साडेअकराला."

मी काही बोललो नाही. त्यांनी बोटांवर तास मोजले. उठताना एवढेच म्हणाले की स्वयंपाकाच्या मावशींशी बोलून बघतो, आणि पालकांना काय सांगायचे ते मात्र अजून सुचत नाही.